कळलावीची सहावी पाकळी

यादी आली ती शुक्रवारी रात्री, व्हॉट्सॲपवर. हिनं चष्मा कपाळावर सरकवून ती मोठ्यांदा वाचली. "हॉट प्रेस, तीनशे जीएसएम, शंभर टक्के कॉटन. अहो, हा कागद आहे की चादर?"

कागद होता. पण त्यापलीकडे मलाही काही सांगता येईना. खाली आणखी होतं: एफ आणि टू-एच पेन्सिली, पुट्टी रबर, ट्रेसिंग पेपर, चार नंबरचा गोल ब्रश, कर्कटक, दहापट भिंग, पांढरी चिनी मातीची बशी, जुन्या सुती बनियनचं फडकं आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, रबरी बुचासकट. शेवटची ओळ वाचून ही म्हणाली, "चित्रं काढायला चाललाय ना नक्की?"

मला बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चौतीस वर्षं मी आकडे जुळवले. निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशेब जुळवायला लागलो, तेव्हा सेक्रेटरींनी मला वनस्पतिचित्रणाच्या एका वर्गाचा पत्ता दिला. त्यामागचा त्यांचा हेतू माझ्या उशिरा लक्षात आला. पौड रस्त्यावरच्या एका फ्लॅटची मागची खोली, शनिवारी सकाळी दोन तास, आम्ही सात जण. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी मी "बाळ" म्हणालो होतो, ते दोघांनीही विसरायचं ठरवलं आहे.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मी कर्कटक मागितलं तर "नातू कितवीत आहे?" असा प्रश्न आला. शाळेत असताना आम्ही कर्कटकानं बाकावर नावं कोरायचो, एवढाच माझा त्या हत्याराशी संबंध. 'हॉट प्रेस' म्हणजे इस्त्री केलेला कागद का, असं विचारल्यावर दुकानदार हसला. पण मी फार चुकलो नव्हतो. हा कागद तयार होताना गरम, गुळगुळीत रुळांखाली दाबला जातो, त्यामुळे त्याचा पोत सपाट राहतो आणि फुलातली केसाएवढी शीरही त्यावर सरळ उमटते. खरखरीत कागदावर डोंगर छान येतात, शिरा फुटतात. कापसाचा कागद हवा, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद पाण्याच्या तिसऱ्या थरालाच लव सोडायला लागतो. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी मी किंमत बघून साधा कार्ट्रिज घेतला.

ब्रशचंही तसंच. यादीत चार नंबर होता, पण बारीक काम म्हणजे बारीक ब्रश, या हिशेबानं मी तीन शून्यांचा घेतला. शिवाय दुकानदारानं आवाज खाली आणून "मुंगसाच्या केसांचा देऊ का?" असं विचारलं. तो व्यवहार आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे मला आयुष्यभर बँकेच्या परिपत्रकांनी लावलेल्या शिस्तीमुळे माहीत होतं असं नाही, पण कुजबुजून विकली जाणारी वस्तू घ्यायची नाही एवढं नक्की माहीत होतं. मी नायलॉनचा घेतला.

वर्गात मॅडमनी माझा ब्रश उजेडात धरला. "काका, ह्याला पोटच नाही. पाणी मावणार कुठे? कागदाला टेकेपर्यंत रंग वाळून जाईल." मग स्वतःचा ब्रश त्यांनी पाण्यात बुडवला, एक हलका झटका दिला, आणि जाडजूड पोटाच्या त्या ब्रशचं टोक सुईसारखं झालं. त्यांच्या चार नंबरनं काढलेली रेघ माझ्या तीन शून्यांच्या रेघेहून बारीक होती आणि बोटभर जास्त लांब चालली. त्यांचा ब्रश कोलिन्स्कीचा, म्हणजे सायबेरियाकडच्या वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. विन्सर अँड न्यूटन या कंपनीनं १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी जे ब्रश बनवले, त्यांचीच ही परंपरा. राणीला सात नंबर आवडायचा, म्हणून त्या मालिकेचं नाव सेव्हन. मॅडमकडे असे दोनच आहेत. ते रंग कालवायला कधीच वापरायचे नाहीत. कालवायला एक म्हातारा, टक्कल पडलेला ब्रश वेगळा. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा ठेवलेला दिसला की त्या बोलणं अर्धवट सोडून आधी तो उचलतात. धातूच्या कड्यात पाणी शिरलं की केस फाकतात.

आणि ब्रशचं टोक करायला तो ओठात धरायचा नाही. ही सवय मला कुठून लागली होती कोण जाणे, बहुधा नोटा मोजताना बोट जिभेला लावण्याचीच ती बहीण असावी. "काका, आज तर अजिबातच नको," मॅडम म्हणाल्या, "आज कळलावी आहे."

कळलावी तुम्ही पाहिली असेल. श्रावणात कुंपणावर, झुडपांवर चढलेली असते, पानांची टोकंच ताणे होऊन आधाराला विळखा घालतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. घरात आणली की भांडण लागतं म्हणून कळलावी, असं आमच्या आजीचं मत. पूर्वी सुइणी हिचा कंद बाळंतकळा आणायला वापरत, म्हणून 'कळ' ती असावी, असं मॅडमचं. संस्कृतातलं लांगली हे नाव कंदावरून आलं आहे, तो नांगरासारखा वाकडा असतो. अख्खं झाड विषारी, कंद तर फारच. कोल्चिसिन नावाचं द्रव्य त्यात असतं. प्रत्येकानं काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, ही वर्गाची पहिली सवय.

मॅडमनी आपल्या गच्चीतल्या कुंडीतून प्रत्येकाला एकेक डहाळी कापून दिली. एक उमललेलं फूल, एक कळी, दोन पानं. आता इंजेक्शनच्या बाटल्यांचा उलगडा झाला. बुचाला भोक पाडायचं, देठ त्यातून पाण्यात सोडायचा, बाटली मातीच्या गोळ्यात रोवायची. फूल हलत नाही, पाणी सांडत नाही, आणि बाटली एवढीशी की फुलाच्या मागे काही दिसत नाही.

मी रंगाची पेटी उघडली. नातवाची, कॅमलची. १९३१ साली शाईची पूड विकून सुरुवात करणाऱ्या दांडेकरांच्या त्या पेटीशिवाय मराठी घरातलं बालपण पुरं होत नाही. मॅडमनी झाकण हळूच लावलं. "आज रंग नाही. आज मोजायचं."

मोजणं म्हणजे माझंच काम! मी भिंग लावलं. वनस्पतिचित्र असतं तेवढ्यास तेवढं, म्हणजे एकास एक. फुलाच्या देठापासून पाकळीच्या टोकापर्यंत कर्कटक उघडायचं आणि तेच अंतर कागदावर टोचायचं. अंदाज नाही, डोळामाप नाही. खिडकी डाव्या हाताला, उजेड वरून-डावीकडून, आणि तो काम संपेपर्यंत तिथूनच. मी खुर्ची दोनदा सरकवली तर मॅडमनी फरशीवर खडूनं खुर्चीच्या पायांभोवती रेघा मारल्या. तासाभरानं माझं फूल ट्रेसिंग पेपरवर तयार झालं. मी ते अभिमानानं पुढे केलं.

"पाकळ्या किती, काका?"

"पाच."

"पुंकेसर?"

"सहा."

"मग?"

मी पुन्हा बघितलं. पुंकेसर सहा असताना पाकळ्या पाच! एकाचा फरक. अशा एका रुपयाच्या फरकासाठी मी मार्चअखेर रात्री अकरापर्यंत बँकेत बसलो आहे. सहावी पाकळी मागे होती, पुढच्या दोन पाकळ्यांच्या नागमोडी कडांमधून तिची जेमतेम एक पिवळी चिंधी दिसत होती, आणि मी ती पुढच्या पाकळीच्या खात्यात जमा करून टाकली होती. शिवाय कुक्षीवृंत, म्हणजे मधली ती लांब काडी, मी सरळ खाली काढली होती. सगळ्या फुलांत ती सरळ असते, असं माझ्या डोक्यात. कळलावीत ती बुडापाशीच काटकोनात वळून आडवी बाहेर पडते. डोळ्यांसमोर होती, तरी मी सरळ काढली.

ट्रेसिंग पेपर का, ते तेव्हा समजलं. चुका करायच्या त्या इथे. चांगल्या कागदावर रबर घासलं की वरचा जिलेटिनचा थर खरवडला जातो, आणि मग तिथे रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो. बँकेत खाडाखोड झाली तर शेजारी सही करून भागतं. इथे सहीनंही भागत नाही.

वर्ग संपला तेव्हा माझ्याकडे साडेपाच पाकळ्यांची आकृती होती. फूल घरी न्यायचं होतं. "फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या वस्तूंपासून लांब," मॅडमनी बजावलं. त्यांच्याकडे फुलांसाठी वेगळा, जुना, छोटा फ्रिज आहे. आमच्याकडे एकच. मी बाटलीसकट फूल एका डब्यात घालून भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या पिशवीमागे ठेवलं आणि हिला सांगायचं विसरलो. ते विषारी आहे, हे तर त्याहून विसरलो. रविवारी सकाळी ते कळल्यावर काय झालं, ते मी इथे लिहीत नाही. कोथिंबीर, अर्धा कोबी, मिरच्या आणि आल्याचा तुकडा कचऱ्यात गेला आणि आजीचं मत खरं ठरलं.

पण खरा धक्का फुलानंच दिला. शनिवारी खालच्या बाजूला हिरवट-पिवळं आणि टोकांना नारिंगी असलेलं फूल सोमवारी जवळजवळ पूर्ण नारिंगी झालं होतं. बुधवारी ते लाल होतं. शनिवारची कळी उमलली होती आणि तिनंच आता ते पिवळं रूप घेतलं होतं. मला वाटलं, मी बिघडवलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कळलावी असंच करते. तुम्ही शनिवारी रंगांच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्यात ना?"

नव्हत्या. त्यांनी सांगितलं होतं, मी पाकळी शोधण्यात गुंतलो होतो.

त्या रात्री मी यादी दुसऱ्यांदा वाचली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं मला तिच्यात हिशेब दिसला. फूल देठापासून तोडलं की त्या क्षणापासून ते ओव्हरड्राफ्टवर असतं. बाटली, फ्रिज, ट्रेसिंग पेपर, रंगांच्या पट्ट्या, खडूच्या रेघा हे सगळं सामान त्या कर्जाची मुदत थोडी वाढवून घेण्यासाठी आहे. म्हणून कळी आधी काढायची, कारण ती रात्रीत उमलते. मग फूल, मग कोवळं पान. जून पान आणि खोड शेवटी, ती थांबतात. आणि फुलाचा खरा रंग पहिल्या तासातच कागदाच्या कपट्यावर उतरवून शेजारी मिश्रण लिहून ठेवायचं: कुठला पिवळा, कुठला लाल, किती पाणी.

या बाबतीत मॅडमचा देव म्हणजे फर्डिनांड बाउअर हा जुना वनस्पतिचित्रकार. १८०१ मध्ये फ्लिंडर्स नावाच्या कप्तानाच्या जहाजावरून तो ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे रंगवत बसायला वेळ नव्हता. तो फक्त पेन्सिलीनं रेखाटायचा आणि पानाच्या, पाकळीच्या प्रत्येक भागावर रंगाचा आकडा लिहायचा. त्याची यादी जवळजवळ हजार छटांची होती. चित्रं पुरी झाली ती काही वर्षांनी, लंडनमध्ये, आकडे वाचून वाचून. असा माणूस चित्रकार नव्हे, कॅशियर म्हणून मला मिळाला असता तर!

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी मला नवी डहाळी दिली आणि चांगल्या कागदाचा एक तुकडाही. रंगवायला परवानगी मिळाली. माझ्या पेटीतला तयार हिरवा त्यांनी बाजूला ठेवला. पिवळ्या-निळ्यातून हिरवा आपण करायचा, पान बदललं की हिरवा बदलायचा. सावलीला काळा नाही. तिन्ही मूळ रंग मिसळून राखी करायचा. पिवळ्या पाकळीची सावली काढताना मी तो राखी जरा सढळ हातानं लावला आणि पाकळीला कावीळ उतरणीला लागल्यासारखा मळकट रंग आला.

पान करायला घेतलं. आधी पानापुरतं स्वच्छ पाणी लावायचं. पाणी चमचमतं तोवर थांबायचं, ते आत मुरून नुसती ओलसर झाक राहिली की रंग सोडायचा. कोरी जागा म्हणजेच चकाकी, ती सुरुवातीपासून सोडून ठेवायची, पांढरा रंग कुठून आणायचा नाही. मग वाळू द्यायचं. मग ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून शिरांच्या दिशेनं बारीक रेघा, थरावर थर. एका पानाला चार-पाच तास लागतात, आणि मॅडमना ते जास्त वाटत नाही.

"वाळू द्यायचं" हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, तो पुण्यात ऑगस्टमध्ये राहत नसावा. बाहेर पाऊस, कपडे तीन दिवस दोरीवर, आणि माझं पान वाळेना. मी वाळलं असं समजून दुसरा थर दिला. पाणी मागे सरकलं, रंगाला कडेकडेनं कुरळी झालर आली. मॅडम म्हणाल्या, "फ्लॉवर आला!" भाजीच्या फ्लॉवरसारखा दिसतो म्हणून त्याला तसं म्हणतात. महिनाभराच्या मेहनतीनंतर माझ्या फुलाच्या पानावर फ्लॉवर उगवला.

पावसाची आणखी एक गंमत. मी उरलेला कागद वॉशिंग मशीनवर ठेवला होता. पंधरा दिवसांनी त्यावर बारीक तपकिरी ठिपके आले आणि रंग लावला की ते गडद होऊन वर यायला लागले. कागदावरचं जिलेटिन दमटपणानं खराब झालं होतं. मॅडम आपले कागद प्लॅस्टिकमध्ये, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात, आणि हाताखाली नेहमी एक कोरा कपटा असतो. शनिवारी माझा उपास असतो. मधल्या सुट्टीत साबुदाण्याची खिचडी खाऊन मी तळहात कागदावर टेकला होता, आणि तिथे आजही पाणी ठरत नाही, मोत्यासारखं गोळा होऊन पळतं.

मॅडमच्या पश्चिमेच्या खिडकीला काचेवर रंगांच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकलेला. झाकलेला भाग आणि उघडा भाग ताडून बघायचा. काही झगमगीत गुलाबी रंग काही महिन्यांत फिकट पडले आहेत. त्यामुळे मॅडम ट्यूबवरचं सुंदर नाव न बघता आधी बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक बघतात. 'पीव्ही १९' असेल तर घेतात. 'पीआर ८३', म्हणजे जुना अलिझरिन क्रिमझन, असेल तर परत ठेवतात, तो उजेडात टिकत नाही. मला हे फार आवडलं. नावापेक्षा खाते क्रमांक बरा.

एका शनिवारी पावसामुळे आम्ही तिघंच आलो. मॅडमनी कपाटातून एक पुस्तक काढलं. हेन्री नोल्टी यांचं, २००२ सालचं, दापोडीच्या चित्रांबद्दलचं. दापोडी! चौतीस वर्षं मी लोकलनं ते स्टेशन रोज ओलांडलं, आणि तिथे कधीकाळी सरकारी वनस्पती उद्यान होतं हे मला माहीतच नव्हतं. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्याचा अधीक्षक होता. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्यानं तिथल्या झाडांची दीडशेहून जास्त चित्रं करवून घेतली. ती आज एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव नोंदलेलं नाही.

मी ती चित्रं बघत होतो तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता: दापोडीच्या पावसाळ्यात, पवना आणि मुळेच्या मधल्या त्या दमट जागेत, त्यानं रंग वाळवला कसा? फ्रिज नव्हता, सिलिका जेल नव्हतं. कडा कुरळ्या झालेलं एखादं पान कुठे दिसतं का, म्हणून मी मॅडमचं भिंग लावून पानं उलटली. एकही फ्लॉवर नव्हता.

माझी कळलावी ऑक्टोबरमध्ये संपली, म्हणजे मी थांबलो. पाच पाकळ्या रंगवलेल्या आहेत, सहावी पेन्सिलीत आहे, कारण तिच्यापर्यंत येईतो तिसरी डहाळीही लाल झाली होती. मॅडमनी खाली पेन्सिलीनं लिहायला लावलं: झाडाचं नाव, कुठून तोडलं, कधी, एकास एक, आणि चित्रकाराचं नाव. नाव लिहायला मी लाजलो तर त्या म्हणाल्या, "लिहा काका, नाहीतर दोनशे वर्षांनी लोक शोधत बसतील." हिनं ते चित्र फ्रिजवर लोहचुंबकानं लावलं आहे.

कळलावीचा वेल आता वाळून गेला. मॅडमनी दिलेला कंद आमच्या बाल्कनीतल्या कुंडीत झोपला आहे, पावसाळ्यापर्यंत पाणी घालायचं नाही. कुंडीवर हिनं आपल्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "विषारी. हात लावू नये. कोथिंबीर पलीकडच्या कुंडीत."